भोक एक, वायरी सतरा

युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४पासून नवा मोबाइल, टॅब्लेट, कॅमेरा किंवा हेडफोन विकायचा तर त्याला टाइप-सीचे भोक असावेच लागते. लॅपटॉपसाठी ठरलेली तारीख २८ एप्रिल २०२६. एवढ्या मोठ्या बाजारासाठी एक फोन आणि बाकीच्यांसाठी दुसरा, हे कंपन्यांना परवडत नाही. त्यामुळे आपल्याकडेही सी-पिनच सगळीकडे दिसते. तरीही घरातल्या चार वायरींपैकी एखादीच लॅपटॉप नीट चार्ज करते, दुसरीवरून फाइल रडतखडत जाते आणि नवा ट्रिमर तर फक्त डब्यातल्या वायरीवरच चालतो. सारखा झाला तो आकार. वीज किती मिळणार, हे चार्जर, वायर आणि उपकरण तिघे मिळून ठरवतात.

आधी ट्रिमरचे बघू. जुन्या चपट्या यूएसबी-ए भोकात ५ व्होल्ट कायम हजर असतात. टाइप-सी चार्जरच्या भोकात मात्र काही जोडलेले नसेल तर वीज नसतेच. पूर्ण टाइप-सीच्या २४ पिनांपैकी सीसी१ आणि सीसी२ या दोन पिना ओळख पटवण्यासाठी आणि वीज ठरवण्याच्या बोलणीसाठी आहेत. वीज घेणाऱ्या उपकरणात या प्रत्येक पिनेपासून ग्राउंडपर्यंत, म्हणजे शून्य व्होल्टच्या जोडणीपर्यंत, ५.१ किलोओहमचा रेझिस्टर (प्रवाहाला रोध करणारा छोटा भाग) हवा. चार्जरला तो सापडला की मगच ५ व्होल्ट चालू होतात. स्वस्त ट्रिमर, हातपंखे, टॉर्च यांत बऱ्याचदा हे दोन रेझिस्टर गाळलेले असतात. काही पैशांची बचत, आणि बोल लागतो चार्जरला! अशा वस्तू ए-टू-सी वायरीवर बिनतक्रार चालतात, कारण ए-भोक काही विचारतच नाही. सी-टू-सी वायर लावली की ढिम्म. सोल्डरिंग जमत असेल तर इलाज सोपा: ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर, प्रत्येक सीसी पिनेपासून ग्राउंडला एक.

दोन्ही पिना जोडून एकाच रेझिस्टरवर भागवू नये. २०१९ साली आलेल्या रास्पबेरी पाय ४ या एका बोर्डावरच्या छोट्या संगणकाच्या पहिल्या आवृत्तीत हेच झाले होते. साध्या वायरीवर तो चाले. पण जाड वायरींत ओळख सांगणारी चिप, म्हणजे ई-मार्कर, असते आणि ती दुसऱ्या सीसी पिनेवर साधारण १ किलोओहमचा रोध दाखवते. पिना एकत्र असल्याने चार्जरला दोन्हीकडे कमी रोध दिसे. समोर हेडफोनचा अडॅप्टर आहे असे समजून तो वीजच सोडत नसे. पुढच्या आवृत्तीत दोन वेगळे रेझिस्टर आले.

आता जलद चार्जिंग. वायरीत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १०० वॅट ५ व्होल्टवर द्यायचे तर २० अँपिअर लागतील, आणि एवढ्या बारीक वायरीत ते अशक्य. म्हणून पॉवर डिलिव्हरी, म्हणजेच पीडी, ही पद्धत व्होल्टेज वाढवते. चार्जर आपल्याकडचे पर्याय सीसी पिनेवरून कळवतो: ५, ९, १५, २० व्होल्ट. उपकरण त्यातला एक मागते. २०२१मध्ये यात २८, ३६ आणि ४८ व्होल्टची भर पडली आणि मर्यादा २४० वॅटवर गेली.

या व्यवहारात वायर गप्प बसलेली नसते. ई-मार्कर नसेल तर चार्जर ती ३ अँपिअरचीच धरतो, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॅट. १०० वॅटचा महागडा चार्जर घेऊन त्याला फोनची वायर लावली तर लॅपटॉपला ६०च मिळतात, आणि बहुतेक वेळा कुठे सूचनाही येत नाही. ५ अँपिअरसाठी ई-मार्कर लागतोच. नव्या प्रमाणित वायरींवर ६० किंवा २४० वॅटचे चिन्ह असते. घेताना तेवढे बघावे. दोन भोकांच्या ६५ वॅटच्या चार्जरचेही असेच. दुसरा फोन लावला की वाटणी नव्याने होते, लॅपटॉपची वीज क्षणभर तुटते आणि त्याच्या वाट्याला बहुधा ४५ वॅट उरतात.

डेटाचा हिशोब वेगळाच आहे. २४० वॅटची वायरसुद्धा आत यूएसबी २.०ची असू शकते: सेकंदाला ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात ३५-४० मेगाबाइट. १० जीबीच्या व्हिडिओला चार मिनिटांहून जास्त लागतात. २०२३च्या आयफोन १५ प्रोला १० गिगाबिटचा वेग आहे, पण सोबतची वायर २.०चीच. कंपनीने एवढ्या किमतीत बरी वायर द्यायला हरकत नव्हती.

खरी भीती चुकीच्या वायरींची. ए-टू-सी वायरीत ५६ किलोओहमचा रेझिस्टर हवा. त्याजागी १० किलोओहमचा घातला तर फोनला वाटते की समोर ३ अँपिअर तयार आहेत, आणि संगणकाच्या ५०० किंवा ९०० मिलिअँपिअरच्या भोकातून तो तेवढा प्रवाह ओढू पाहतो. गूगलचे अभियंता बेन्सन ल्युंग यांनी २०१५पासून अशा वायरी तपासून जाहीर केल्या. २०१६मध्ये एका वायरीत ५ व्होल्ट आणि ग्राउंड चक्क उलटे जोडलेले निघाले आणि त्यात त्यांचा लॅपटॉप गेला.

घरी तपासायला भोक आणि वायर यांच्यामध्ये बसणारा छोटा यूएसबी मीटर पुरतो. पीडीवर चालणारा फोन ५० टक्क्यांच्या खाली उतरू द्यावा, कारण ८० टक्क्यांनंतर तो स्वतःच प्रवाह आवळतो आणि आकडा फसवतो. मीटरवर ९ व्होल्टच्या आसपास दिसले तर बोलणी जमली. ५वरच अडकले तर आधी वायर बदलून पाहावी, मग चार्जर. वायर हलवली की चार्जिंग तुटत असेल तर भोकात बहुधा खिशातला कापूस बसलेला असतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकने तो हलकेच काढावा. टाचणी किंवा सुई मधल्या पट्टीवरच्या पिना वाकवते.