दोनच नवे टायर घेतले, तर ते पुढे की मागे?

जुन्या गाडीचे चारही टायर एकदम बदलणे परवडत नसेल, तर दोनच नवे घेऊन ते पुढच्या चाकांना बसवले जातात. स्टिअरिंग आणि ब्रेकचा बहुतांश भार पुढे असतो, तेव्हा चांगले टायरही तिथेच हवेत, असा त्यामागचा जुना समज आहे. तो तर्काला पटणारा असला, तरी चुकीचा आहे.

ओल्या रस्त्यावर टायरच्या खाचा पाणी बाजूला सारतात, आणि झिजलेल्या टायरला ते न जमल्याने तो पाण्यावर तरंगू लागतो. पुढची चाके अशी घसरली, तर गाडी वळण्याऐवजी सरळ जाऊ पाहते, स्टिअरिंग हलके लागते आणि वेग उतरल्यावर पकड बहुधा परत येते. मागची चाके घसरली, तर मात्र फारशी पूर्वसूचना न मिळता गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. त्यातच घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडला, तर भार पुढे सरकून ती गरकन फिरू शकते. म्हणून इंजिनची ताकद कोणत्याही चाकांना मिळत असो, नवी जोडी मागेच बसवावी. पुढे राहणारे टायरही अर्थात खाचांच्या खोलीच्या १.६ मिलिमीटर या अनेक देशांतील किमान मर्यादेला टेकलेले नसावेत.

खरेदी करताना टायरच्या बाजूवरचे चार अंक वाचावेत: २३१९ म्हणजे टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला.

ब्रेक पॅडच्या बाबतीत गोंधळ कमी आहे. ते एका ॲक्सलवरच्या, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीतल्या, दोन्ही चाकांचे एकत्रच बदलायचे असतात, नाहीतर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते.