युद्धकाळातील विमानसेवा आणि स्त्रिया (कोकण किनाऱ्याच्या संदर्भासह)

युद्धकाळात विमाने बांधणे, दुरुस्त करणे, तळावर पोचवणे, त्यांना जमिनीवरून वाट दाखवणे आणि प्रत्यक्ष लढवणे या कामांतील स्त्रियांचा सहभाग. नाव बहुधा वैमानिकांचे झाले; राबणाऱ्या बायका मात्र जमिनीवरच जास्त होत्या.

पहिल्या महायुद्धातील विमानांचे पंख म्हणजे लाकडी सांगाड्यावर ताणलेले लिननचे कापड. ते शिवणे हे प्रामुख्याने बायकांचे काम. त्यावर ‘डोप’ नावाचे रोगण चढवले की कापड आक्रसे आणि दशावतारातल्या पखवाजाच्या पुडीसारखे ताठ होई. रोगणातील टेट्राक्लोरोइथेनच्या वाफांनी कावीळ होऊन काही कामगार दगावले.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या ‘एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरी’त १६८ स्त्री वैमानिक होत्या. कारखान्यातून निघालेले विमान तळावर न्यायचे, तेही बहुधा रेडिओविना. पूर्वी कधी न चालवलेले विमान वाट्याला आले, तर खिशातल्या टिपणवहीतले त्याचे पान वाचायचे आणि उडायचे. १९४३ पासून त्यांना पुरुषांएवढा पगार मिळू लागला. त्या काळी ही अपूर्वाईच. सोव्हिएत संघातील बायकांनी तर पो-२ या दुपंखी विमानांतून रात्री बाँबफेक केली. भारतात १९४२ मध्ये स्त्रियांचे साहाय्यक दल उभे राहिले. कारकुनी, टेलिफोन, सांकेतिक संदेश अशी कामे त्यांच्याकडे होती. भारतीय स्त्रियांना गणवेश म्हणून खाकी साडी चाले.

कोकण किनाऱ्यावर विमान आणि युद्ध यांची गाठ दिसते ती गोव्यातल्या दाबोळीला. पोर्तुगिजांकडून गोवा मुक्त करण्याच्या कारवाईत १८ डिसेंबर १९६१ रोजी तिथल्या धावपट्टीवर भारतीय कॅनबेरा विमानांनी बाँब टाकले. त्या काळी सैन्यदलांत स्त्रिया होत्या त्या फक्त डॉक्टर आणि परिचारिका. पुढे नौदलाचा ‘आयएनएस हंसा’ तळ दाबोळीला आला. २०२१ मध्ये सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ सुरू होईपर्यंत कुडाळ-सावंतवाडीच्या माणसाला जवळचे विमान दाबोळीचेच. सकाळी नौदलाचा सराव असला की प्रवासी विमानांना वेळ बदलावी लागे.

नौदलाने १९९२ मध्ये वैद्यकीय शाखेबाहेरही स्त्री अधिकारी घेतल्या, पण विमानात बसायला २००९ उजाडले, आणि तेही निरीक्षक म्हणून, म्हणजे विमान न चालवता टेहळणी आणि दिशा सांभाळायला. पहिल्या वैमानिक सब-लेफ्टनंट शिवांगी २०१९ मध्ये झाल्या. लढाऊ विमानांच्या शाखेत पहिले पाऊल सब-लेफ्टनंट आस्था पुनिया यांनी २०२५ मध्ये टाकले. नौदलाच्या मिग-२९के या लढाऊ विमानांचा तळ दाबोळीलाच आहे.