पार्श्वभूमी: दोन सिंगल्सच्या बँडची एलपी

ऐंशीच्या दशकातल्या ब्रिटिश इंडी (छोट्या, स्वतंत्र लेबलांच्या) पॉप बँडचं आयुष्य अनेकदा दोन-तीन वर्षांचंच असायचं. मागे उरायची दोन सात इंची सिंगल्स (एक-दोन गाण्यांच्या छोट्या तबकड्या), एखादी फ्लेक्सी डिस्क (पातळ, वाकणारी प्लास्टिकची तबकडी), फार तर रेडिओसाठीचं एक सेशन. १९८६ मध्ये एका संगीत साप्ताहिकाने २२ बँडची कॅसेट काढली आणि या आवाजाकडे लक्ष गेलं, तरी कित्येकांची एलपी, म्हणजे पूर्ण लांबीची मोठी तबकडी, निघालीच नाही. म्हणून आज ‘रीइश्यू’ (पुनर्प्रकाशन) म्हणून येणारी एलपी ही बऱ्याचदा त्या बँडची पहिलीच एलपी असते.

वाद होतो तो सोर्सवरून, म्हणजे नवी एलपी कशावरून तयार करायची यावरून. मूळ रेकॉर्डिंगची टेप सापडली म्हणजे काम झालं, असं नाही. त्या काळातल्या काही टेपच्या बाइंडरमध्ये (चुंबकीय थर टेपला धरून ठेवणाऱ्या चिकट द्रव्यात) ओलावा मुरतो. तशीच लावली तर ती यंत्राच्या हेडला चिकटते, किंचाळते आणि ऑक्साइड, म्हणजे आवाज धरणारा चुंबकीय थर, खरवडून निघतं. अशी टेप साधारण ५४ अंश सेल्सिअसला आठ तास किंवा जास्त बेक करतात, पूर्ण थंड करतात आणि पुढच्या काही आठवड्यांत ट्रान्सफर (टेप वाजवून आवाज उतरवून घेणं) उरकतात, कारण हा गुण टिकत नाही. तापमान वरखाली होणारा घरगुती ओव्हन इथे घातक ठरतो. ट्रान्सफरच्या वेळी ॲझिमथ (टेपच्या तुलनेत हेडचा कोन) प्रत्येक रिळासाठी नव्याने जुळवावा लागतो. तो चुकला तर गिटारची किणकिण आधी जाते, आणि या संगीतात तीच गेली तर काय राहिलं?

त्याहून मोठा पेच पुढे आहे. सिंगलचा जो आवाज चाहत्यांच्या कानात बसलाय, तो बऱ्याचदा टेपवर नसतोच. कटिंग करणाऱ्याने (तबकडीची मूळ खाच कोरणाऱ्याने) बास कमी केलेला असतो, मिड (मधले स्वर) उचललेले असतात, लिमिटर (आवाजाची उंच टोकं दाबणारं यंत्र) लावलेला असतो. टेप जशीच्या तशी उतरवली की गाणं स्वच्छ पण मवाळ वाटतं. उलट सिंगल वाजवून तिच्यावरूनच डब (नक्कल) केलं तर खरखर आणि विकृतीही सोबत येते. टेप घ्यावी, शेजारी चांगली सिंगल लावून लेव्हल आणि इक्यू (स्वरांचा समतोल) तिच्याकडे न्यावं, हाच मार्ग बरोबर आहे. फ्लेक्सीची टेप नसेल तर डबला पर्याय नाही. पण मग तसं कव्हरवर छापायला हवं.

नव्वदच्या दशकातल्या सीडी संकलनांवर नॉइज रिडक्शनचा (खरखर पुसण्याच्या प्रक्रियेचा) मारा झाला होता आणि आवाजाची चमकही गेली होती. पुढची काही विनाइल त्याच फाइल्सवरून कापली गेली. तबकडीचं १८० ग्रॅमचं वजन हा दोष झाकत नाही.

तेहतीसच्या वेगात (मिनिटाला सुमारे ३३ फेऱ्या) बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच जाते, आत लेबलजवळ जेमतेम २१. बाजूचं शेवटचं गाणं त्यामुळेच ‘स’वर फाटतं. एकूण २६ मिनिटांचं साहित्य असेल तर ४५ चा वेग परवडतो. आतला आकडा २८ वर जातो. टेस्ट प्रेसिंग (तपासणीसाठीची पहिली प्रत) आलं की प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं दोन वेगळ्या कार्ट्रिजवर (सुई बसवलेल्या भागावर) ऐकावं. दोन्हीवर फाटलं तर कटिंग पुन्हा करावं लागतं, प्लेटिंगही (त्यावरून धातूचा साचा बनवणं).