जॅक्सन मेरीची बाजू सोडतात

मेरी ही कल्पनेतली शास्त्रज्ञ. काळ्यापांढऱ्या खोलीत कोंडलेली. तिची पुस्तकं आणि टीव्हीसुद्धा काळेपांढरेच. रंग दिसताना डोळ्यांत आणि मेंदूत जे काही घडतं ते मात्र तिला इत्थंभूत माहीत आहे. एक दिवस ती बाहेर येते. समोर पिकलेला टोमॅटो. तिला काही नवं कळतं का?

अर्थात कळतं, असं ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ फ्रँक जॅक्सन यांनी १९८२ साली लिहिलं. लाल दिसणं कसं असतं, ते तिला आत्ता कळतं. भौतिक माहिती तर तिच्यापाशी सगळी होती. तेव्हा जगात भौतिकापलीकडचंही काही असलंच पाहिजे.

पुढची अडचण त्यांनी स्वतःच उकरून काढली. मेंदूतल्या घडामोडींना भौतिक कारणं पुरत असतील, तर या अनुभवाला काम काय उरतं? काहीच नाही, असं त्यांनी मान्य केलं. मेंदू अनुभव घडवतो, अनुभव मात्र मेंदूत काहीच घडवत नाही. मग अशी निरुपयोगी गोष्ट उत्क्रांतीत टिकली कशी? त्यावर त्यांनी ध्रुवीय अस्वल पुढे केलं. त्याची कातडी जड असते. वजनाचा त्याला उपयोग शून्य, उलट अडचणच. पण कातडी उबदार हवी तर ती जड होणारच. अनुभवही तसाच, उपयोगी मेंदूसोबत आपोआप आलेला.

टीका भरपूर झाली. मेरीला नवी माहिती मिळाली नाही, लाल रंग ओळखण्याचं आणि मनात आणण्याचं कसब मिळालं, असं तत्त्वज्ञ डेव्हिड लुइस म्हणाले. आणखी एक तत्त्वज्ञ पॉल चर्चलंड यांच्या आक्षेपांना जॅक्सन यांनी १९८६ मध्ये स्वतंत्र लेखाने उत्तर दिलं. ते हटले नाहीत.

१९९०च्या दशकाच्या अखेरीस हटले, ते स्वतःच्याच विधानामुळे. अनुभव काहीच घडवत नसेल, तर टोमॅटो पाहून मेरीच्या तोंडून निघालेला 'अरे वा!' अनुभवामुळे निघालेला नसतो. तिची आठवणही त्यातून येत नाही. अनुभवाच्या बाजूने लिहिलेल्या खुद्द जॅक्सन यांच्या लेखाचाही मग अनुभवाशी संबंध उरत नाही!

याला लोक बौद्धिक नम्रता म्हणतात. म्हणोत. पण त्या नम्रतेला काम करता आलं ते जॅक्सन यांनी अस्वलापर्यंतची प्रत्येक पायरी उघडपणे लिहून ठेवली होती म्हणून. मोघम लिहिणाऱ्याला कितीही नम्र व्हायचं असलं, तरी चूक सापडणार कुठे?

शिवाय निष्कर्ष चुकला एवढं म्हणून भागत नव्हतं. मेरीचा युक्तिवाद तर अजूनही बिनतोड वाटत होता, तेव्हा त्यातली फसवी पायरी शोधणं आलं. जॅक्सन यांनी मांडलं ते असं: लाल दिसणं म्हणजे जग अमुक प्रकारचं आहे असं मेंदूने केलेलं चित्रण; त्यापलीकडचा वेगळा गुण तिथे नसतो, तो असल्याचा भास होतो. मग मेरीला बाहेर पडल्यावर मिळतं काय? कसब! म्हणजे लुइस म्हणत होते तेच. मात्र चित्रणाच्या या वाटेने गेल्याशिवाय लुइस बरोबर आहेत हे कळलं कसं असतं, ते आपल्याला अजूनही दिसत नाही, असं जॅक्सन यांनी २००३च्या लेखात नोंदवून ठेवलं आहे.