बरो, रॉब

रॉब बरो (२६ सप्टेंबर १९८२ – २ जून २०२४) हे इंग्लंडचे व्यावसायिक रग्बी लीग खेळाडू होते. यॉर्कशरमधील पॉन्टिफ्रॅक्ट येथे त्यांचा जन्म झाला आणि २००१ ते २०१७ अशी सारी व्यावसायिक कारकीर्द त्यांनी लीड्स ऱ्हायनोज या एकाच संघाकडून खेळून पूर्ण केली.

तेरा खेळाडूंच्या या आडदांड खेळात आघाडीच्या फळीतील गडी बहुधा १०० किलोंच्या पुढचे असतात. बरो यांची उंची मात्र केवळ १६५ सेंमी. होती, आणि सुपर लीग या रग्बी लीगच्या सर्वोच्च साखळी स्पर्धेतील सर्वांत लहान चणीचा खेळाडू अशी त्यांची ओळख होती. स्क्रम-हाफ (चढाईची सूत्रे हलवणारा) आणि हुकर (आघाडीच्या फळीच्या मध्यभागी खेळणारा) या दोन्ही जागांवर खेळताना त्यांनी या उणिवेचेच बळ केले. सुपर लीगच्या २०११ च्या अंतिम सामन्यात सेंट हेलेन्स या प्रतिस्पर्धी संघाच्या खेळाडूच्या हाताखालून वाकून निसटत आणि पुढचे बचावपटू चुकवत त्यांनी एकट्याने नोंदवलेला ट्राय (प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण) त्याची उत्तम साक्ष देतो. सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचा हॅरी संडरलँड करंडक त्यांना त्या दिवशी सर्वच्या सर्व मतांनी मिळाला. २००७ मध्येही तो त्यांनाच मिळाला होता. लीड्सबरोबर त्यांनी सुपर लीगची आठ विजेतेपदे मिळवली, तसेच ते इंग्लंड व ग्रेट ब्रिटनकडूनही खेळले.

निवृत्तीनंतर दोनच वर्षांनी, डिसेंबर २०१९ मध्ये, त्यांना मोटर न्यूरॉन डिसीज झाल्याचे निदान झाले. या विकारात मेंदू व मज्जारज्जूतून स्नायूंना हालचालीचे आदेश पोहोचवणाऱ्या चेतापेशी नष्ट होत जातात. त्यामुळे हातापायांची शक्ती, वाचा, गिळण्याची आणि शेवटी श्वास घेण्याची क्षमता हरपते, बुद्धी मात्र बहुतेक रुग्णांत शाबूत राहते. त्यावर उपाय नाही. ऐन तारुण्यात, तीन लहान मुले घरात असताना हे संकट कोसळले, तरी बरो यांनी आजार लपवला नाही. चित्रीकरणाला त्यांनी घराचे दार उघडे ठेवले, जुन्या मुलाखतींतील ध्वनिमुद्रणांवरून त्यांचा यॉर्कशरी ढंगाचा कृत्रिम आवाज तयार करण्यात आला आणि डोळ्यांच्या हालचालींवर चालणाऱ्या संगणकाद्वारे ते बोलू लागले. क्षीण होत जाणारे शरीर लोकांसमोर आणण्याचे हे धैर्य त्यांच्या मैदानावरील कोणत्याही पराक्रमाहून मोठे मानावे लागेल, कारण ब्रिटनमधील सामान्य माणसाला या विकाराची ओळख फार मोठ्या प्रमाणात त्यांच्यामुळे झाली.

लीड्सचे माजी कर्णधार केविन सिनफिल्ड यांनी या विकाराविरुद्धच्या कार्यासाठी निधी उभारण्याचा ध्यास घेतला. बरो यांच्या ७ क्रमांकाच्या जर्सीला मानवंदना म्हणून डिसेंबर २०२० मध्ये ते सात दिवसांत सात मॅरेथॉन धावले आणि त्यातून २० लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली. १४ मे २०२३ रोजी बरो यांच्या नावाने लीड्समध्ये झालेल्या मॅरेथॉनमध्ये सिनफिल्ड यांनी मित्राची चाकाची खुर्ची संपूर्ण अंतरभर ढकलत नेली आणि शेवटी त्यांना खुर्चीतून उचलून, हातांवर घेऊन अंतिम रेषा ओलांडली. जानेवारी २०२४ मध्ये दोघांनाही सीबीई हा ब्रिटिश राजघराण्याकडून दिला जाणारा किताब देण्यात आला.

त्यानंतर काही महिन्यांतच, वयाच्या ४१ व्या वर्षी, बरो यांचे वेकफिल्ड येथील रुग्णालयात निधन झाले. त्याच आठवड्यात लंडनच्या वेम्बली मैदानावर होणारा चॅलेंज चषक या रग्बी लीगच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेचा अंतिम सामना त्यांच्या स्मरणार्थ ३ वाजून ७ मिनिटांनी सुरू करण्यात आला, आणि २०२४ पासून सुपर लीगच्या अंतिम सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराला त्यांचे नाव देण्यात आले. या विकाराच्या रुग्णांना विविध तज्ज्ञांचे उपचार एकाच छताखाली मिळावेत यासाठी लीड्सच्या सीक्रॉफ्ट रुग्णालयाच्या आवारात बरो यांच्या नावाचे केंद्र उभारण्याचे ठरले होते. त्याच्या बांधकामाचा आरंभ, ठरल्याप्रमाणे, त्यांच्या मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी कुटुंबीयांच्या उपस्थितीत झाला.