५ नोव्हेंबरची शेकोटी: कायद्याने जगवलेला सण

५ नोव्हेंबरच्या रात्री ब्रिटनमध्ये गावोगावी शेकोट्या पेटतात, शोभेची दारू उडते आणि गाय फॉक्सचा पुतळा जाळला जातो. अलीकडे त्याच्या मुखवट्यांमुळे हा माणूस तिथला लोकनायक असावा असा समज पसरला आहे. प्रत्यक्षात हा सण, १६०५ मध्ये राजासकट संसद उडवण्याच्या कटात तो पकडला गेला आणि राजा वाचला, याचा आहे. सुरुवात लोकांनी केली असली, तरी अडीचशे वर्षे त्यामागे सरकारी कायदा उभा होता.

पहिला जेम्स हा प्रोटेस्टंट राजा १६०३ मध्ये इंग्लंडच्या गादीवर आला. तो आपल्यावरचे निर्बंध सैल करील ही कॅथलिकांची आशा लवकरच विरली. रॉबर्ट केट्सबी या कॅथलिकाने काही मोजकी माणसे जमवली. त्यांनी हाउस ऑफ लॉर्ड्स या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाखालची कोठाराची जागा भाड्याने घेतली आणि सरपणाच्या ढिगाऱ्याआड बंदुकीच्या दारूची ३६ पिंपे रचली. प्लेगमुळे संसदेचे उद्‌घाटन लांबत गेले, साठवलेली दारू खराब झाली आणि नवी आणावी लागली. पुढे २६ ऑक्टोबर १६०५ रोजी लॉर्ड माँटीगल यांना एक निनावी पत्र आले: संसदेला जाऊ नका. ४-५ नोव्हेंबरच्या रात्री झडती झाली आणि फॉक्स सापडला. त्याने नाव सांगितले जॉन जॉन्सन. कटाचा म्होरक्या तो नव्हताच. स्पेनच्या फौजेत लढलेला असल्यामुळे दारूची जबाबदारी त्याच्याकडे होती, इतकेच. म्होरक्या केट्सबी साथीदारांसह पळून स्टॅफर्डशायरमधल्या होलबीच हाउसमध्ये पोचला. पावसात भिजलेली दारू तिथे चुलाण्यासमोर वाळत घातली गेली, ठिणगी पडली आणि काही जण भाजले. ८ नोव्हेंबरला तो गोळी लागून मेला. फॉक्सला ३१ जानेवारी १६०६ रोजी देहदंड झाला.

कट उघडकीस आला त्याच संध्याकाळी लंडनकरांना शेकोट्या पेटवायची परवानगी मिळाली. अट एकच, धोका आणि गोंधळ होता कामा नये. १६०६ च्या जानेवारीत संसदेने कायदा करून ५ नोव्हेंबर हा दरवर्षीचा कृतज्ञता दिन ठरवला. त्या दिवशी चर्चला जाणे बंधनकारक झाले. चर्चच्या घंटा वाजत, पाद्री प्रवचनात कटाची उजळणी करी. प्युरिटनांनी, म्हणजे कट्टर प्रोटेस्टंटांनी, पुढे नाताळसुद्धा बंद केला, पण या दिवसाला हात लावला नाही, कारण तो त्यांच्याच बाजूचा होता. १६७० च्या दशकात जळत होता तो प्रामुख्याने पोपचा पुतळा. फॉक्सचा पुतळा रूढ झाला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस. १८५९ मध्ये कायदा रद्द झाला आणि प्रार्थनापुस्तकातली खास उपासनाही गेली. आग मात्र राहिली, हे मला या इतिहासातले सर्वांत बोलके वळण वाटते.

जुने वैर उघडपणे जपले आहे ते ससेक्समधल्या लुइस गावाने. १५५५ ते १५५७ या काळात, कॅथलिक मेरी राणीच्या कारकिर्दीत, तिथे १७ प्रोटेस्टंटांना जिवंत जाळले होते. म्हणून मिरवणुकीत १७ पेटते क्रूस असतात. १८५३ पासून ‘बॉनफायर सोसायट्या’ हा कारभार पाहतात. प्रत्येकीचा वेष, मार्ग आणि शेकोटीचे मैदान वेगळे. डेव्हनमधल्या ऑटरी सेंट मेरी गावात धर्म फारसा उरलेला नाही. तिथे आतून डांबर लावलेली पेटती पिंपे खांद्यावर घेऊन माणसे गर्दीतून धावतात.

घरगुती शेकोटीचे नियम साधे आहेत. ढीग ३ मीटरपेक्षा उंच नको. घर, कुंपण आणि झाडांपासून किमान १८ मीटर लांब असावा. तो त्याच दिवशी रचावा. आधी रचून ठेवला तर साळिंदरासारखी दिसणारी छोटी हेजहॉग आत झोपायला शिरतात, म्हणून पेटवण्यापूर्वी काठीने ढीग उचलून पाहायचा. ओले लाकूड धुमसते, आणि त्यावर पेट्रोल ओतायचा मोह होतो. भाजण्याचे प्रकार अशाच घाईत होतात. फोमच्या गाद्या, टायर आणि स्प्रेचे डबे आगीत टाकू नयेत. न उडालेल्या फटाक्याजवळ परत जायचे नाही, आणि विझलेली फुलबाजी आधी पाण्याच्या बादलीत.

पुतळा म्हणजे जुने कपडे, आत वर्तमानपत्रे. पूर्वी मुले तो रस्त्यावर बसवून फटाक्यांसाठी पैसे मागत. फटाके अठरा वर्षांखालच्यांना विकणे बंद झाले आणि हॅलोविनने मागणीचा मोसमच पळवला. आता हे दृश्य विरळ झाले आहे.

यॉर्कशायर-लँकेशायरकडे या रात्रीचा खाऊ म्हणजे पार्किन हा सुंठ घातलेला केक. भरड ओटमील आणि मैदा प्रत्येकी २२५ ग्रॅम, ट्रीकल म्हणजे काळी काकवी २२५ ग्रॅम, लोणी आणि साखर प्रत्येकी ११५ ग्रॅम, दोन चमचे सुंठ, एक चमचा खाण्याचा सोडा, एक अंडे आणि थोडे दूध. १५० अंशांवर तासभर भाजायचे. आच जास्त झाली तर मधोमध खळगा पडतो. ताजे पार्किन कोरडे लागते; कागदात गुंडाळून डब्यात तीन-चार दिवस ठेवले की मऊ, चिकट होते. म्हणून ते १ तारखेच्या सुमारासच करतात.

तिथल्या मराठी घरांना दिवाळी आणि ५ नोव्हेंबर हे दोन्ही सण एकाच कायद्यात भेटतात. इंग्लंड-वेल्समध्ये २००४ च्या नियमांनुसार रात्री ११ ते सकाळी ७ फटाके उडवायला बंदी आहे. ५ नोव्हेंबरला फटाके उडवायची मुदत मध्यरात्रीपर्यंत, तर दिवाळीच्या एका रात्री १ वाजेपर्यंत वाढते. वर्षभर विकायचा परवाना नसलेल्या दुकानांत या मोसमात १५ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर विक्री चालते. दिवाळी त्यानंतर आली तर त्या दिवशी आणि आधीचे तीन दिवस वेगळी मुभा आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटेसाठी मात्र सवलत नाही. अभ्यंगस्नान कितीही लवकर आटोपले, तरी पहिला फटाका सातनंतरच.