डेटाबेस कनेक्शन बंद करणे (मोबाइल ॲप)

मोबाइल ॲपने फोनमधील डेटाबेस फाइलशी उघडलेले कनेक्शन केव्हा व कोणी बंद करावे, याविषयीची कार्यपद्धती. प्रस्तुत विवेचन एसक्यूलाइटपुरते आहे. डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली प्रसिद्ध केलेले हे डेटाबेस इंजिन (माहिती फाइलमध्ये साठवणारी व शोधणारी प्रणाली) अँड्रॉइड व आयओएस या दोन्हींत अंगभूत आहे.

कनेक्शन कोठे बंद करावे याबद्दल एकमत नाही. अँड्रॉइडच्या अधिकृत मार्गदर्शिकेनुसार डेटाबेस पुन्हा उघडणे खर्चिक असल्याने तो गरज असेतो उघडा ठेवावा आणि सहसा ॲक्टिव्हिटीच्या (ॲपमधील एका स्क्रीनच्या) ऑनडिस्ट्रॉयमध्ये, म्हणजे ती नष्ट होताना अँड्रॉइड हाक देते त्या फंक्शनमध्ये, बंद करावा. दुसऱ्या मतानुसार संपूर्ण ॲपला एकच कनेक्शन असावे व ते मुद्दाम बंदच करू नये. प्रोसेस (ॲपची चालू प्रत) संपली की कर्नल (यंत्रणेचा गाभा) फाइल व तिच्यावरील लॉक (इतरांना रोखणारे कुलूप) आपोआप सोडतो. अनेक स्क्रीनच्या ॲपला हे दुसरे मत अधिक मानवते. बडोद्याच्या दांडिया बाजारातील एखाद्या वाचनालयाच्या देवघेवीचे ॲप घेतले, तर ग्रंथशोधाचा स्क्रीन स्वतःला संपवून सभासदखाते उघडतो तेव्हा अशा फंक्शनांना हाक जाण्याचा क्रम असा असतो: जुन्याचे ऑनपॉज, नव्याचे ऑनक्रिएट, ऑनस्टार्ट, ऑनरिझ्यूम, आणि मगच जुन्याचे ऑनस्टॉप व ऑनडिस्ट्रॉय. हेल्पर (कनेक्शन उघडून देणारा ऑब्जेक्ट) दोन्ही स्क्रीनना सामाईक असल्यास खात्याची क्वेरी (माहितीची विचारणा) चालू असतानाच जुना स्क्रीन कनेक्शन बंद करतो, आणि कनेक्शन पूल (कनेक्शनांचा साठा) बंद झाल्याचा एक्सेप्शन (चालू कामातील त्रुटी) येऊन ॲप कोसळते. शिवाय प्रोसेस मारली गेल्यास ऑनडिस्ट्रॉयला हाक जाईलच असे नाही. एसक्यूलाइटवर बेतलेल्या गूगलच्या रूम लायब्ररीतही (२०१७) एका प्रोसेसमध्ये एकच डेटाबेस ऑब्जेक्ट ठेवण्याची शिफारस आहे.

कर्सरबाबत (क्वेरीचे निकाल ओळीओळीने वाचून देणाऱ्या ऑब्जेक्टबाबत) असा वाद नाही. वाचून होताच, एक्सेप्शन आला तरीही, तो बंद झाला पाहिजे.

राइट-अहेड लॉग पद्धतीत (आवृत्ती ३.७.०, २०१०) ताज्या नोंदी आधी मुख्य फाइलशेजारच्या लॉग फाइलमध्ये जातात. एसक्यूलाइटच्या मूळ मांडणीत लॉग १००० पानांचा (पान म्हणजे फाइलचा ठरावीक आकाराचा तुकडा) झाला की त्या मुख्य फाइलमध्ये उतरतात; यालाच चेकपॉइंट म्हणतात. शेवटचे कनेक्शन नीट बंद झाले की तेव्हाही उतरतात व लॉग फाइल पुसली जाते. त्यामुळे कनेक्शन उघडे असताना केवळ मुख्य फाइलची प्रत बॅकअप म्हणून घेतल्यास शेवटच्या देवघेवी सुटू शकतात. प्रत घेण्यापूर्वी पूर्ण चेकपॉइंट करावा किंवा कनेक्शन बंद करावे. कनेक्शन सहेतुक बंद करण्याचे हे बहुधा सर्वांत सबळ कारण.

आयओएसवर ॲप-समूहाच्या (एकाच निर्मात्याच्या संबंधित ॲपच्या) सामाईक कंटेनरमधील (फोल्डरमधील) फाइलवर लॉक धरून ॲप निलंबित झाले, तर यंत्रणा ते मारते. पार्श्वभूमीत जाताना यंत्रणेकडे अधिक वेळ मागून चालू ट्रान्झॅक्शन (एकत्र पूर्ण व्हायचा बदलांचा गट) पुरे करावे. नुसते उघडे, पण लॉक न धरलेले कनेक्शन चालते.